दुर्बीण आणि गर्भाशय

खानदेशात साठीच्या घरातील एखाद्या बाईजवळ दुर्बिणीच्या ऑपरेशनाचा विषय काढला, की तिला बहुधा एकच प्रसंग आठवतो : तिसऱ्या बाळंतपणानंतर गावच्या नर्सबाईंनी घरी घातलेले खेटे, शिबिराच्या दिवशी तालुक्याहून आलेली जीप, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने बसलेल्या बायका, आणि दिवेलागणीच्या आत पोटावर चिकटपट्टी लावून घरी झालेली पाठवणी. आणीबाणीच्या काळात पुरुषांच्या नसबंदीवरून जो लोकक्षोभ उसळला, त्यानंतर कुटुंबनियोजनाचा भार हळूहळू स्त्रियांच्या अंगावर सरकला, आणि १९८० च्या दशकात तो भार वाहण्यासाठी सरकारी यंत्रणेने जे साधन हाती घेतले, ते म्हणजे ही पोटात घालण्याची दुर्बीण. बेंबीपाशी बोटाच्या पेराएवढा छेद, त्यातून आत सोडलेली नळी, दोन्ही गर्भनलिकांवर सिलिकॉनचे एकेक कडे, एवढ्यात काम उरकत असे. मुंबईचे डॉ. पी. व्ही. मेहता यांनी अशा २,५०,१३६ शस्त्रक्रिया एकट्याने केल्याचा वृत्तान्त १९८९ साली ब्रिटनमधील प्रसूतिशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आहे. एवढ्या हस्तकौशल्याविषयी आदर वाटतो. परंतु शिबिरांच्या त्या रिवाजात लक्षावधी स्त्रियांच्या उदरात दुर्बीण गेली, गर्भनलिका तेवढ्या तिने पाहिल्या, आणि त्याच उदरातले बाईचे जुने दुखणे पाहण्याची फुरसत कोणालाच नव्हती, ही गोष्ट मनाला सलते.

शिबिरांच्या त्या घाईची किंमत पुढे छत्तीसगडातील बायकांनी मोजली. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यात, वापरात नसलेल्या एका इस्पितळात, एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर दुर्बिणीने नसबंदी करण्यात आली आणि त्यांपैकी अनेक जणी दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये आरोग्यहक्क कार्यकर्त्या देविका बिस्वास यांच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्याचे निर्देश सरकारला दिले.

तेच साधन आज स्त्रीच्या स्वतःच्या दुखण्यांकरिता जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांत वापरात आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे. ओटीपोटात उठणारी कळ, पाळीला अंगावरून फार जाणे, अंडाशयावरची गाठ, वर्षानुवर्षे मूल न राहणे, वयोपरत्वे किंवा बाळंतपणांमुळे अंग बाहेर येणे, ही सारी दुखणी आपल्याकडे सांगण्याची नव्हेत, अंगावर काढण्याची समजली गेली आहेत. कपाशीची वेचणी ऐन भरात असताना पोटदुखीसाठी दवाखान्याची वाट धरणारी बाई विरळाच. वेचणी आटोपली, लग्नसराई पार पडली, सासूबाईंच्या डोळ्यांचे झाले, की मग आपला नंबर, असा तिचा हिशेब असतो. त्यातही पूर्वी दुर्बिणीची मोठी शस्त्रक्रिया म्हटले, की नाशिक किंवा मुंबई गाठणे प्राप्त होते. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस निघाले. जळगावच्या जिल्हा रुग्णालयाला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले. २ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारने जीवनदायी आरोग्य योजना आरंभी ज्या आठ जिल्ह्यांत अंमलात आणली, त्यांत धुळे होते, आणि पुढच्या वर्षी जळगावही तीत आले. आज तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील बाईला शस्त्रक्रियेसाठी गळ्यातली पोत गहाण टाकावी लागू नये, हा या योजनेचा हेतू उत्तम आहे. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेखाली बसते, याची चौकशी योजनेच्या तेथील मदतनीसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, दाखल होण्यापूर्वीच करून घ्यावी.

या शस्त्रक्रियेचे तंत्र कळले, तर तिच्याविषयीची निष्कारण भीती आणि तितकाच निष्कारण भरवसा, दोन्ही कमी होतील. रुग्ण स्त्रीला पूर्ण भूल देऊन भूलतज्ज्ञ तिच्या श्वासनलिकेत नळी बसवितात. मग बेंबीतून एक बारीक सुई पोटात सरकविली जाते. या सुईच्या टोकाशी स्प्रिंगवर बसविलेली बोथट कांडी असते. सुई पोकळीत शिरताक्षणी ती कांडी पुढे येते आणि आतड्याला धार लागू देत नाही. हंगेरीतील वेरेश नामक वैद्याने १९३८ साली ही सुई प्रसिद्ध केली, ती क्षयरोग्याच्या छातीत हवा भरून फुप्फुसाला विश्रांती देण्याच्या त्या काळच्या इलाजासाठी. या सुईतून कार्बन डायऑक्साइड वायू मोजून सोडला, की कनात उभारावी तशी पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करण्यापुरती जागा होते. हाच वायू निवडण्याची कारणे विचारपूर्वक ठरलेली आहेत : तो रक्तात सहज विरघळतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतो, आणि विजेच्या उपकरणाने रक्तवाहिनी जाळून बंद करताना तो पेट घेत नाही. वायूचा दाब साधारणतः १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका राखला जातो. नंतर बेंबीतून १० मिलिमीटर जाडीची दुर्बीण आणि ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंनी ५ मिलिमीटरच्या दोन-तीन नळ्या आत जातात, टेबल डोक्याकडे उतरते केले जाते, आतडी आपसूक छातीकडे सरकतात, आणि ओटीपोटाच्या कोनाड्यात दडलेले गर्भाशय पडद्यावर मोठे होऊन दिसू लागते.

येथवर येण्यास वैद्यकाला शंभरांहून अधिक वर्षे लागली. फ्रँकफर्टच्या बोझिनीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेणबत्तीच्या उजेडात शरीराच्या आत डोकावण्याची खटपट केली होती. १९०१ साली जर्मनीतील केलिंगने कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहिले, आणि १९१० साली स्टॉकहोमच्या याकोबेउसने माणसाच्या उदरावर तोच प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पॅरिसमध्ये राऊल पामर यांनी स्त्रीरोगांच्या निदानासाठी दुर्बिणीचा पद्धतशीर उपयोग आरंभिला. टेबल उतरते करण्याची आणि वायूचा दाब मोजत राहण्याची शिस्त मुख्यतः त्यांची. दुर्बिणीला स्वच्छ दृष्टी दिली ती लंडनच्या हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या काचकांड्यांनी. प्रकाश वाकवून नेणाऱ्या काचतंतूंवर त्याच हॉपकिन्सबरोबर १९५४ साली शोधनिबंध लिहिणारा तरुण संशोधक म्हणजे पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये दुर्बिणीने उदरपरीक्षा सुरू केली आणि १९९० मध्ये देशातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. विशेष हे, की पोटातील मोठ्या शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ शकतात, हे शल्यविशारदांना दाखवून दिले ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी. जर्मनीतील कील येथील कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० च्या सुमारास दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा शल्यविशारदांच्या मंडळींनी त्याची निर्भर्त्सना केली होती. १९८८ साली अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीने पहिले गर्भाशय काढले.

या साधनाचा सर्वांत निर्मळ उपयोग मला पाहण्यात वाटतो. मूल होत नाही म्हणून आलेल्या स्त्रीची परीक्षा जवळून पाहिली, तर हे ध्यानात येईल. पडद्यावर गुलाबी गर्भाशय, त्याच्या दोहों अंगांस गर्भनलिका, नलिकांच्या टोकांशी झालरी, आणि खाली पांढुरके अंडाशय दिसतात. सहायक खालच्या वाटेने गर्भाशयात निळ्या रंगाचे पाणी हलकेच सोडतो. क्षणभर काही होत नाही, मग उजव्या नलिकेतून निळाई पुढे सरकते आणि झालरीतून निळी धार ओघळते. डावीकडे मात्र नलिका फुगते आणि तेथेच थांबते. दुर्बीण जवळ नेली, की नलिकेच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट कण विखुरलेले दिसतात. हा क्षय असू शकतो. क्षय म्हणजे खोकला आणि छाती, एवढेच आपण जाणतो. पण भारतात वंध्यत्वाच्या पाठीमागे गर्भनलिकांचा क्षय असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि अशा स्त्रीला खोकलाही नसतो, तापही नसतो. त्या कणांचा तुकडा तपासणीस जातो, निदान पक्के ठरले तर क्षयाची औषधे सुरू होतात; आणि ज्या सुनेला इतकी वर्षे वांझ म्हणून हिणवले गेले, तिच्या दुखण्याला एक नाव आणि एक इलाज सापडतो. पतीच्या वीर्याची तपासणी साधी, थोड्या खर्चाची आणि बिनछेदाची असते. ती आधी केल्यावाचून बाईला दुर्बिणीच्या टेबलावर निजवू नये, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत हा क्रम अजूनही उलटा आहे.

गर्भाशयाच्या अस्तरासारखा पदार्थ गर्भाशयाबाहेर वाढण्याचा जो विकार आहे, त्याचीही कथा अशीच. प्रत्येक पाळीला तो पदार्थ आतल्या आत स्रवतो, अंडाशयात काळपट घट्ट रक्ताची गाठ बनवितो, आणि आतडे, गर्भाशय, अंडाशय यांना एकमेकांशी चिकटवून टाकतो. पाळीच्या दिवसांत अंथरुणाला खिळणाऱ्या मुलीला घरची मंडळी सांगतात, की बाईच्या जातीला हे चालायचेच, लग्न झाले की राहील. सोनोग्राफीत पुष्कळदा काही दिसत नाही. दुर्बिणीत मात्र ते काळे-निळे डाग आणि ते चिकटलेपण दिसते, आणि त्याच बैठकीत डाग जाळता येतात, गाठ सोलून काढता येते. गर्भनलिकेतच गर्भ वाढीस लागला असेल, तर तो नलिका फोडून जीवघेणा रक्तस्राव करण्यापूर्वी काढण्यास दुर्बिणीसारखे साधन नाही. पाळी चुकलेली असून ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळ येणे आणि घेरी येणे, या लक्षणांवर रात्र काढू नये; एस. टी. च्या पहिल्या गाडीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

यानंतर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेकडे वळले पाहिजे, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. खानदेशातील कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीबाहेर घटकाभर बसावे. पस्तिशीची बाई, सोबत सासू किंवा जाऊ, आणि तक्रार नीट सांगून होण्यापूर्वीच अहिराणीतून येणारी विनंती, ‘पिशवीच काढी टाका ना, डॉक्टरसाहेब.’ या विनंतीमागे अज्ञान आहे, तसाच एक हिशेबही आहे. मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय. दर महिन्याची कटकट, अशक्तपणा, देवधर्माला अडचण, आणि मनात कोठेतरी कर्करोगाची धास्ती. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर पाळीचे चार दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या जिल्ह्यात मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करू नये, असा दंडक घालण्यात आला. साक्री, नंदुरबार, चाळीसगाव या भागांतूनही कोयता घेऊन माणसे दरसाल पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातेत बारडोलीकडे जातात. बीडची ती हकीकत खानदेशाने परक्याची म्हणून वाचू नये.

दुर्बिणीमुळे या प्रश्नाला एक नवीच बाजू आली आहे. पूर्वी गर्भाशय काढायचे म्हणजे पोटावर वीतभर छेद, आठवडाभर खाट आणि दोन महिने घरकामाला सुट्टी. त्या धाकानेच पुष्कळ शस्त्रक्रिया टळत. आता तीन-चार बारीक छेद, दुसऱ्या दिवशी हिंडणेफिरणे, तिसऱ्या दिवशी घर. हे सौकर्य ज्या बाईला शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे तिच्यासाठी वरदान आहे. पण छेद लहान झाला म्हणून आतून जे काढले जाते ते लहान होत नाही. अनियमित किंवा अतिरिक्त रक्तस्रावाची कारणे अनेक असतात, थायरॉइडच्या दोषापासून अस्तराच्या लहानशा अंकुरापर्यंत, आणि त्यांतील पुष्कळांना गोळ्या पुरतात. रक्तस्राव कमी करणारी औषधे आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, आणि गर्भाशयात बसविण्याचे, संप्रेरक झिरपविणारे असे एक साधन आहे, जे तांबीसारखेच बसविले जाते, सुमारे पाच वर्षे काम देते आणि पाळीचा स्राव अगदी थोडा करून सोडते. नुसते पांढरे जाणे हे तर गर्भाशय काढण्याचे कारणच नव्हे. त्याला बहुधा जंतुसंसर्गाचा साधा इलाज पुरतो. गाठ आहे एवढ्यानेही पिशवी काढावी लागत नाही; पाळीची तक्रार नसलेली, न वाढणारी लहान गाठ नुसती नजरेखाली ठेवतात, आणि जिला मूल हवे आहे तिची गाठ तेवढी दुर्बिणीने सोलून गर्भाशय शिवून घेता येते. यातही सर्वांत मोठी हानी अंडाशयांची होते. ‘पिशवीबरोबर तेही काढून टाकू, पुढे त्रास नको,’ असे म्हणून तिशी-चाळिशीतील बाईचे दोन्ही अंडाशय काढले, की तिची रजोनिवृत्ती एका रात्रीत ओढवते. अंगाचा दाह, झोप उडणे हे तत्काळ, आणि हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे पुढे. कष्टावर पोट असलेल्या बाईची हाडे अशा रीतीने पंधरा वर्षे आधी म्हातारी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अंमलात आणावीत, असे फर्माविले. तो हुकूम कागदावर न राहता तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचावा, ही माझी कळकळीची इच्छा आहे.

गर्भाशय राखण्याची विद्या आपल्याकडे परकी नाही. अंग बाहेर येण्याच्या विकारात तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते वर उचलून पट्टीने टांगून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया गेल्या शतकाच्या मध्यास मुंबईत घडल्या, आणि त्यांना जगाच्या पाठ्यपुस्तकांत शिरोडकर आणि पुरंदरे ही नावे आहेत. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्याचे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची युक्ती आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लहान वयातले लग्न, लागोपाठ बाळंतपणे आणि बाळंतिणीने सव्वा महिन्याच्या आत पुन्हा उचललेले ओझे, यांमुळे आपल्याकडे पंचविशी-तिशीतच हा विकार दिसत असे, म्हणून या वैद्यांना गर्भाशय वाचविण्याची निकड भासली. या शस्त्रक्रिया पूर्वी पोट उघडून होत. आज त्याच दुर्बिणीने करता येतात, आणि केळीचे घड वाहणाऱ्या रावेर-यावलच्या बाईला त्यांचा लाभ का मिळू नये? पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने मे २०१७ मध्ये आईचे गर्भाशय दुर्बिणीच्या साह्याने काढून लेकीच्या उदरात बसविले. देशातील ते पहिले गर्भाशय प्रत्यारोपण, आणि अशा प्रत्यारोपित गर्भाशयातून पहिली मुलगी ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथेच जन्मास आली. एका बाजूस हे, आणि दुसऱ्या बाजूस चार दिवसांच्या मजुरीपायी टाकून दिलेली गर्भाशये, असा हा आपला महाराष्ट्र आहे.

दुर्बिणीच्या मर्यादा आणि धोके यांविषयी मौन पाळणे म्हणजे वाचकाशी अप्रामाणिकपणा होईल. गर्भाशयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या अगदी खालून मूत्रवाहिनी जाते. धमनी जाळून बंद करताना मूत्रवाहिनीला इजा होऊ शकते, आणि ती इजा कधी कधी दहाव्या-बाराव्या दिवशी, सतत लघवी झिरपू लागल्यावर कळते. पूर्वी सिझेरियन किंवा अन्य शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचे आतडे बेंबीपाशी चिकटलेले असू शकते. अशा वेळी अनुभवी शल्यविशारद डाव्या बरगडीखालून प्रवेश करतो. मोठी गाठ यंत्राने बारीक तुकडे करून काढण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. परंतु गाठीत क्वचित कर्करोग दडलेला असला तर तो त्या तुकड्यांबरोबर पोटभर पसरतो, असे दिसून आल्यावर २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, आणि आता तुकडे करायचे तर पिशवीत बंद करून करावेत, असा दंडक आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात तर दुर्बिणीने केलेल्या मूलगामी शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळले, असा निष्कर्ष २०१८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीतून निघाला. तेथे मोठा छेदच हिताचा. शल्यविशारदाने दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडण्याचा निर्णय घेतला, तर ते त्याचे अपयश समजू नये. रक्तस्राव आवरेनासा झाल्यावर वेळीच पोट उघडणाऱ्या हातावरच अधिक विश्वास ठेवावा.

दोन गोष्टी आपल्या भागाशी विशेष निगडित आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्तविकार आढळतो. प्राणवायू कमी पडणे, अंगातले पाणी आटणे, थंडी वाजणे आणि रक्तातील आम्लता वाढणे, यांनी या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकारात वाकून रक्तवाहिन्या तुंबवितात. आणि पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड रक्तातील आम्लता वाढविणाराच असतो. म्हणून अक्राणी, शिरपूर किंवा चोपड्याच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या स्त्रीची सिकलसेलची तपासणी भुलेपूर्वी झालीच पाहिजे, आणि आपल्या घरात हा विकार आहे, हे घरच्यांनी न विचारताच भूलतज्ज्ञांना सांगावे. दुसरी गोष्ट उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाची. दुर्बिणीची उपकरणे लांब, पोकळ आणि सांध्यासांध्यांची. त्यांत अडकलेले रक्त नीट न घासता त्यांना नुसते रसायनात बुडविले, किंवा बुडवून काढल्यावर साध्या नळाच्या पाण्याने खळबळले, तर क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद त्यांत टिकून राहतात. मग टाके भरून आल्यावर महिन्या-दीड महिन्याने बेंबीपाशी टणक गाठ येते, ती फुटते, वाहते, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, आणि बाई एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडत राहते. उपकरणे कशी निर्जंतुक करता, असा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकाने विचारला, तर चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस खांदा दुखला, तर बाई घाबरते. पोटावर टाके आणि कळ खांद्यात, हे तिला उमगत नाही. उरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि त्या पडद्याचा मज्जातंतू मानेतून येत असल्यामुळे वेदना खांद्यात जाणवते; हिंडल्याफिरल्याने ती जिरते. खरे जपायचे ते पुढे. बाहेरचे टाके बोटभर दिसतात, म्हणून घरची मंडळी आठव्या दिवशी तिच्या डोक्यावर हंडा देतात; गर्भाशय काढले असेल, तर आत योनीच्या टोकाशी घातलेले टाके बाहेरच्या टाक्यांसारखे दिसत नाहीत, आणि ते भरून येण्यास सहा आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत हंडा, चाऱ्याचा भारा आणि पतिसंबंध, तिन्ही वर्ज्य. शस्त्रक्रियेनंतर दुखणे दिवसेंदिवस कमी व्हावयास हवे; ते वाढू लागले, पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, ताप आला, खालून पाणी झिरपू लागले किंवा एका पायाला सूज आली, तर गावच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेत बसू नये, ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथेच त्याच दिवशी परत जावे. काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल आठ-पंधरा दिवसांनी येतो, आणि तो आणण्यास पुष्कळ कुटुंबे जातच नाहीत, तो आणावा. घरी निघताना हाती पडणाऱ्या कागदावर गर्भाशय, गर्भनलिका, उजवा अंडाशय, डावा अंडाशय, यांपैकी काय काढले आणि काय ठेवले, हे स्वच्छ मराठीत लिहून मागावे, आणि तो कागद शिधापत्रिका व आधारपत्रिका ठेवतो त्याच पिशवीत ठेवावा. कारण दहा वर्षांनी तिचे हाड मोडेल किंवा पोटात पुन्हा गाठ दिसेल, तेव्हा पुढचा डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारील.